चेट्टिनाड चिकन कडू का झालं?

काल चेट्टिनाड चिकन (तमिळनाडूच्या चेट्टिनाड भागातलं मसालेदार चिकन) केलं. 1 किलो चिकन. धणे, मिरी, बडीशेप, दगडफूल, खोबरं सगळं एकदमच कढईत भाजलं. रस्सा काळपट, जिभेवर कडवट! नवऱ्याने गुपचूप दही कालवून खाल्लं, ते मनाला जास्त लागलं. कुठे चुकलं?

↳ एकदम भाजलंत तिथेच! धणे तांबूस होईपर्यंत बडीशेप करपते. ती शेवटी टाका, खोबरं वेगळं भाजा.

↳ दगडफूल किती घातलंत?

↳ मूठभर. गोड्या मसाल्याचं उरलेलं, म्हटलं संपवून टाकू.

↳ अहो, मूठभर? दोन-तीन पाकळ्या पुरतात! आणि पुढच्या वेळी तिळाच्या तेलात छोटे कांदे, कढीपत्ता परता. तमिळ घरांत तेच तेल वापरतात, वासच वेगळा येतो.

↳ उरलेल्या रश्श्यात नारळाचं दूध घाला, कडवटपणा थोडा कमी होईल.