मदत हवी आहे: भावाच्या दत्तक प्रकरणात एनओसी आली, ऑर्डर अडकलीये

मुलुंडची आत्या:
नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागणारे. माझा भाऊ-वहिनी न्यू जर्सीला असतात, दोघंही अमेरिकन सिटिझन, ओसीआयवाले (म्हणजे भारतीय वंशाचे परदेशी नागरिक). काराच्या (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची यंत्रणा) पोर्टलवर नोंदणी, तिकडच्या एजन्सीकडून होम स्टडी म्हणजे घराकुटुंबाची पाहणी, मग मुलीची फाईल आली (दुसऱ्या राज्यातली संस्था आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही), यांनी होकार कळवला, मुलीला तिकडे न्यायला अमेरिकेचं प्रोव्हिजनल अप्रूव्हल (तात्पुरती मंजुरी) झालं, काराची एनओसी आली आणि आम्ही सोसायटीत पेढेपण वाटले. एनओसीनंतर ऑर्डर होईपर्यंत भारतातच राहून मुलीला प्री-अडॉप्शन फॉस्टर केअरमध्ये सांभाळता येतं, तसं हमीपत्र संस्थेला द्यावं लागतं, म्हणून वहिनी बिनपगारी रजा टाकून आली आणि पोरगी सध्या आमच्या वन बीएचकेत आहे. साडेतीन वर्षांची. भाऊ नोकरीसाठी परत गेला.

आता सगळं अडलंय अडॉप्शन ऑर्डरपाशी, म्हणजे दत्तक कायदेशीर करणाऱ्या आदेशापाशी. २०२२च्या सप्टेंबरपासून हे काम कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं ते लवकर व्हावं म्हणूनच ना? कायद्यात दोन महिने लिहिलेत, ते कधीच उलटले. फोन केला की साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगमध्ये, नाहीतर "फाईल ऊपर है". ऊपर म्हणजे कुठल्या मजल्यावर ते काय कोणी सांगत नाही. परवा पोरगी टीव्हीचा रिमोट कानाला लावून हॉलभर फिरत होती, "जी सर, जी सर, फाईल ऊपर है?" मी हसले, वहिनी उठून बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तर विचारायचं असं की कोणाच्या मागे लागायचं, म्हणजे काम होईल पण कोणी दुखावणार नाही? व्हिसाचं मेडिकल आत्ताच उरकून घ्यावं का? आणि वहिनीला कसं सांभाळू? ती रात्री अकराला तिकडच्या ऑफिसचे ईमेल बघत बसते, सकाळी इकडचे फोन, आणि माझ्या सासूबाई रोज विचारतात "काही कळलं का गं?" त्यांना गप्प कसं करायचं तेही सांगा.

पार्ल्याचा काका:
ताई, आमच्या भाचीच्या वेळेला आम्हीपण यातून गेलोय. फोन बंद करा, सगळं लेखी करा. फाईल बरेचदा साहेबांच्या टेबलावर पोचलेलीच नसते, ती जिल्हा बाल संरक्षण कक्षात तपासणीला पडलेली असते. त्यामुळे "ऑर्डर कधी" असं न विचारता "काही त्रुटी आहे का, असल्यास लेखी कळवा" असं विचारा, त्याला उत्तर द्यावं लागतं. अर्ज कोणत्या तारखेला दाखल झाला ते संस्थेकडून लेखी घ्या आणि बालन्याय कायद्याचं कलम ६१ नम्रपणे नमूद करा. ईमेल संस्थेला, कक्षाला, प्रत त्या राज्याच्या दत्तक यंत्रणेला आणि काराला. अमेरिकेतल्या एजन्सीलाही काराला लिहायला लावा, फी कशाची घेतात ते. आमदाराचं पत्र वगैरे आणायच्या भानगडीत एवढ्यात पडू नका.

काळा कोट:
काकांशी सहमत. मेडिकल आत्ता अजिबात करू नका, त्याला मुदत असते, साधारण सहा महिने, ऑर्डर लांबली तर पोरीला परत टोचून घ्यावं लागेल. ऑर्डरनंतर काराचं कन्फर्मिटी सर्टिफिकेट (दत्तक आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे झाल्याचं), नवीन जन्मदाखला, पासपोर्ट आणि मग व्हिसासाठी दिल्लीची एम्बसी. या वेळेत एकच काम करा, नाव ठरवून एका कागदावर लिहून ठेवा. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव घालतात, तिकडे मिडल नेम वेगळंच, आणि ऑर्डरमध्ये एक, दाखल्यात दुसरं झालं की पासपोर्टला अडकतं. स्पेलिंग तिन्हीकडे एकच हवं. आणि पोरीचा फोटो व्हॉट्सॅप स्टेटसला टाकू नका, तिची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे. पेढे चालतात.

दोन मुलांची आई:
मी वहिनीबद्दलच बोलते, बाकी वरच्या लोकांना जास्त कळतं. फॉलोअपचा आठवड्यातला एक वार ठरवा आणि तो तुम्ही करा, वहिनीने नाही. ती आत्ता आई झालीये ना, तिला जरा आई होऊ दे की. मुलीला "पुढच्या आठवड्यात विमानात बसायचं" असलं काही सांगू नका, आम्ही पुतणीला सांगितलं होतं आणि ती रोज सकाळी चपला घालून दाराशी उभी. बाबा रोज ठरलेल्या वेळेला व्हिडिओवर दिसले पाहिजेत, मग दहाच मिनिटं का असेनात. तुमच्या गल्लीत प्लेग्रुप असेल तर सकाळी दोन तास घाला, संस्थेला कळवून. आणि सासूबाईंना काम द्या, गोष्ट सांगायचं. हिंदी येत नसलं तरी.

मुलुंडची आत्या:
काका, काळा कोट, ताई, खूप आभार. "त्रुटी आहे का" हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, आज रात्री भावाशी बोलून ईमेलचा मसुदा करते. फॉलोअप मी घेतेय, वहिनीचा फोन सकाळी माझ्या ताब्यात. सासूबाई कालपासून चिऊ-काऊची गोष्ट मराठीतच सांगतायत, पोरगी "फिर?" म्हणते आणि त्या पुढे सांगतात, दोघींचं व्यवस्थित चाललंय.

अजून दोन गोष्टी. असा ईमेल कोणी हिंदीत लिहिला असेल तर नमुना डकवा प्लीज, आमचं हिंदी बम्बइया, सरकारी ऑफिसात चालायचं नाही. आणि दिल्लीत एम्बसीच्या जवळपास लहान मुलीला घेऊन राहायला, दूध तापवता येईल अशी जागा कोणाला माहिती आहे का?