आधी सिल, मग रंग

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार नव्याने उभी करताना आधी रंग द्यावा की इंजिन खोलावं, असं एकाने विचारलंय. माझं कळकळीचं सांगणं: दोन्ही थांबवा, आधी सिल, म्हणजे दारांखालचे उंबरठ्यासारखे पत्र्याचे लांब भाग, तपासा. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंगडनला बनलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. पक्कं छप्पर नसलेल्या रोडस्टरमध्ये तर सिल म्हणजे कणाच. तो थराथरांचा असतो, त्यामुळे बाहेरून चकचकीत आणि आतून गंजून पोकळ अशी गाडी सहज गळ्यात पडते.

जुना सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी टेकू वेल्ड करा, दाराच्या फटी मोजून लिहून ठेवा. नाहीतर गाडी मध्येच वाकते आणि नवा सिल बसल्यावर दार लागत नाही. वेल्डिंग पक्कं करण्याआधी दार पुन्हा पुन्हा लावून बघा, इथे कंटाळा करू नका हो.

वायरिंगचं एकच सांगतो. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला अर्थ केलेलं असे. मधल्या मालकाने ते बदललंय का, हे पाहूनच रेडिओ जोडा.