पेन ड्राइव्हवर गाणी आहेत, तरी ‘नो फाइल’

काका, तुमचा पेन ड्राइव्ह बिघडलेला नाही. लॅपटॉपवर गाणी वाजतात आणि भजनाच्या स्पीकरवर ‘नो फाइल’ येतं, हे आमच्याकडं परभणीत अण्णांचंही झालं होतं. असे स्वस्त स्पीकर बहुतेक वेळा फॅट३२ मध्ये (ही ड्राइव्हवर फायली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट केलेलाच पेन ड्राइव्ह वाचतात. आमचा एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीचा निघाला. पण गाणी आधी दुसरीकडं कॉपी करा, मगच फॅट३२ मध्ये फॉरमॅट मारा, त्यात सगळं पुसलं जातं. (अण्णांनी उलटं केलं. दीडशे अभंग गेले, दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.)

फायलीच्या नावाचं शेपूटही बघा. एमपी३ जवळपास सगळीकडं चालतं, फ्लॅक हाही गाण्याच्या फायलीचाच प्रकार, पण प्रत्येक स्पीकरला झेपेलच असं नाही. शेवटी एपीके दिसलं तर ते गाणंच नाही, मोबाइलमध्ये ॲप बसवायची फाइल आहे, हात लावू नका.

१२८ केबीपीएसला (गाण्याच्या दर सेकंदाला किती डेटा, त्याचं हे माप) मिनिटाला साधारण १ एमबी जागा लागते, ३२० ला अडीच. मात्र १२८ ची फाइल ३२० मध्ये बदलून आवाज सुधारत नाही. पातळ वरण मोठ्या पातेल्यात ओतल्यासारखं आहे ते.

आणि हो, गाण्यांच्या ॲपमधलं ‘डाउनलोड’ सहसा त्या ॲपमध्येच वाजतं, पेन ड्राइव्हवर शोधत बसू नका.