जुन्या ट्रकचा एसी: कॉम्प्रेसर जाम झालाय, नुसता तोच बदलू का?

दहाचाकी:
नमस्कार मंडळी. ट्रक जुना, २४ व्होल्टचा, केबिनचा एसी मागाहून बसवलेला. परवा चढावर एसी लावला तर बेल्ट किंचाळायला लागला, रबर जळल्याचा वास सुटला. एसी बंद केला की सगळं शांत. इंजिन बंद करून हात लावून पाहिलं: पुली मोकळी फिरते, पण तिच्या पुढची, कॉम्प्रेसरला जोडलेली क्लचची चकती जागची हलत नाही. दर उन्हाळ्यात गॅस थोडा कमी व्हायचा, तेवढा टाकून घ्यायचो. वर्कशॉपवाला म्हणतो कॉम्प्रेसर बदला, गॅस भरा, झालं. एक वापरलेला कॉम्प्रेसर मिळतोय, ब्रॅकेटला बसतो, पण क्लचच्या कॉइलवर १२ व्होल्ट लिहिलंय. चालेल का? गाडी वडील चालवतात आणि दुपारी केबिनमध्ये बसवत नाही. एकदाच काय ते नीट करायचंय.

पाना_तेरा:
१२ व्होल्टची कॉइल २४ वर जळणार, ती नकोच. कॉइल बदलून घेता येते, पण पुलीही ताडून बघा. खाचा किती, व्यास किती आणि खाच बेल्टच्या सरळ रेषेत येते का. बाहेरून सारखे दिसणारे कॉम्प्रेसर इथेच फसवतात. पुली जरा जरी आत-बाहेर झाली तरी बेल्ट कडेने खात जातो.

गेजवाला:
दहाचाकी भाऊ, पुली मोकळी आणि चकती घट्ट म्हणजे बेअरिंग ठीक आहे, कॉम्प्रेसर आतून जाम आहे. तुमचं निदान बरोबर. पण कॉम्प्रेसर आपणहून मरत नाही. दर उन्हाळ्यात गॅस टाकून घ्यायचो, असं तुम्ही लिहिलंय ना, माझ्या मते कारण तिथेच आहे. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबर सगळ्या पाइपांतून फिरतं आणि गॅसबरोबरच परत येतं. गॅस गळतो तिथून ऑइलही झिरपतं. शिवाय गॅस कमी झाला की उरलंसुरलं ऑइल कूलिंग कॉइलमध्ये पडून राहतं, परत यायला त्याला जोरच मिळत नाही. वरून गॅस टाकला आणि ऑइलचा कोणी विचारच केला नाही, की पिस्टन कोरडे चालतात.

म्हणून आधी गळती शोधा. होजची टोकं जिथे धातूच्या कडीत दाबून बसवलेली असतात तिथे बोट फिरवा. धूळ तेलकट होऊन चिकटलेली दिसली की समजा तिथून गळतंय. क्लचच्या मागे शाफ्टच्या सीलपाशी तेलाचे शिंतोडे असतील तर नव्या कॉम्प्रेसरबरोबर ती गळती आपोआप जाईल. होजची जाणार नाही.

मग मशीनने गॅस काढून घ्या. हवेत सोडू नका, आर-१३४ए (एसीत भरतात तो गॅस) चा एक किलो वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० किलोंच्या बरोबरीचा आहे. डिस्चार्जचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून दाबलेला गॅस बाहेर नेणारा पाइप सोडवून आत पांढरं फडकं फिरवा. ऑइल स्वच्छ, पारदर्शक निघालं तर तुम्ही थोडक्यात सुटलात. काळं आणि जळक्या वासाचं असेल तर ते करपलंय. आणि करडी चकाकी दिसली तर तो अ‍ॅल्युमिनियमचा चुरा, आणि तो कंडेन्सरमध्ये (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) जाऊन बसलेला असणार. एकच जाड नळी नागमोडी वळवलेला जुना कंडेन्सर फ्लश करून, म्हणजे धुण्याचं द्रावण आतून सोडून, साफ होतो. चपट्या नळ्यांच्या कंडेन्सरमध्ये प्रत्येक नळीत सुईसारखी बारीक भोकं असतात, तिथला चुरा कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही. असला कंडेन्सर बदलायचाच.

ड्रायर, म्हणजे गॅसमधला ओलावा शोषणारा डबा, तर न विचारता नवा. कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्हही नवा घाला, त्याचं छिद्र इतकं लहान असतं की चिमूटभर चुऱ्याने तुंबतं. हे सगळं सोडून फक्त कॉम्प्रेसर बदललात तर नव्याचीही तीच गत होईल. त्यात पैसे आणि वडिलांचा उन्हाळा दोन्ही वाया जातील, म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितोय.

मधली_बर्थ:
गाडी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची असेल तर आधी गॅस कुठला आहे ते बघा. भरायच्या तोंडांवर आटे असतील तर मूळ सिस्टिम आर-१२ ची. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो गॅस हळूहळू बंद झाला. आर-१३४ए ची तोंडं बिनआट्याची असतात, झटक्यात बसणाऱ्या कपलरची, आणि दोन्ही बाजूंचे माप वेगळे. आर-१२ चं मिनरल ऑइल आर-१३४ए बरोबर नीट फिरत नाही, त्यामुळे जुनं ऑइल तसंच ठेवून नवा गॅस भरू नका.

दहाचाकी:
तोंडं बिनआट्याची आहेत. फडकं फिरवलं, करडी चकाकी स्पष्ट दिसते. कंडेन्सर चपट्या नळ्यांचाच. सक्शन होजच्या (गॅस कॉम्प्रेसरकडे परत आणणाऱ्या) टोकाला तेलकट धूळही सापडली. आता २४ व्होल्टचा नवा कॉम्प्रेसर घेतोय, त्यात ऑइल भरलेलं आहे म्हणतात. वेगळं टाकायचं का? आणि गॅस किती ते सांगणारं स्टिकर उडून गेलंय.

गेजवाला:
मग होज, कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह सगळं आलं. उरलेले पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लश करा, नंतर कोरड्या नायट्रोजनने फुंकून काढा, फ्लशचा थेंबही आत राहता कामा नये. कॉम्प्रेसर, ड्रायर किंवा व्हॉल्व्हमध्ये फ्लश घालायचा नाही. कंपनीने पूर्ण सिस्टिमपुरतं ऑइल भरून दिलं असेल आणि तुमच्या सगळ्या नळ्या धुऊन कोरड्या झाल्या असतील तर वेगळं टाकू नका. जास्त ऑइलनेही थंडावा कमी होतो. कमी भरून दिलं असेल तर कंपनीच्या आकड्याइतकं पुरं करा, त्याच प्रकारचं आणि त्याच घट्टपणाचं. पीएजी ऑइल (आर-१३४ए बरोबर चालणारं कॉम्प्रेसरचं ऑइल) हवेतला ओलावा ओढतं, डबा उघडा ठेवू नका. ड्रायरची टोपणंही अगदी शेवटी काढा. सगळ्या ओ-रिंग नव्या, तेच ऑइल बोटाने लावून बसवा.

व्हॅक्यूम किमान पाऊण तास. आतलं पाणी त्या कमी दाबाला नेहमीच्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन बाहेर ओढलं जातं, त्याला वेळ द्यावा लागतो. मग पंप बंद करून अर्धा तास काट्यावर नजर ठेवा. काटा वर सरकला तर गॅस भरू नका.

गॅस वजनावर भरा. बंद गाडीत नुसता गेज बघून किती गॅस आहे ते कळत नाही: ३० अंश सेल्सिअसला आर-१३४ए चा दाब साधारण ९७ पीएसआय असतो, आत पाव गॅस असो की पूर्ण. आधी एसीचं किट बनवणाऱ्याकडून आकडा मिळवा. नाहीच मिळाला तर गॅसची टाकी वजनकाट्यावर ठेवून थोडा थोडा सोडा, दोन्ही गेज आणि ड्रायरवरची काच बघत. बुडबुडे थांबले की हात आवरता घ्या आणि भरलेलं वजन बॉनेटच्या आतल्या बाजूला पक्क्या रंगाने लिहून ठेवा.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी क्लचची चकती हाताने दहा-बारा वेळा फिरवा. ऑइल कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये साचलेलं असतं, थेट इंजिनवर लावलं तर त्याच्या आतल्या व्हॉल्व्हच्या पात्या तुटू शकतात. क्लच ओढलेला असताना कॉइलच्या जोडाशी व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा बरंच कमी आलं तर जुनी वायर किंवा रिले बदला, नाहीतर क्लच घसरून तापेल. पहिल्या फेरीनंतर बेल्टचा ताण पुन्हा बघा, नवा बेल्ट थोडा सैल होतोच.