कॉकॅटिएल एकटीच आहे, तरी अंडी देतेय, आता कवच मऊ आलंय

धायरीची शुभदा (2 जुलै)
नमस्कार मंडळी. माझी बिट्टी अडीच वर्षांची कॉकॅटिएल आहे, तुरेवाला छोटा पोपट असतो ना, ती. मी घरी ब्लाउज शिवते. मशीन बाहेरच्या खोलीत, आणि बिट्टीही दिवसभर तिथेच, कधी माझ्या खांद्यावर तर कधी बॉबिनच्या डब्यावर.

एप्रिलच्या शेवटी मशीनखालच्या टोपलीत, अस्तराच्या कात्रणांत पहिलं अंडं सापडलं. सुपारीएवढं, पांढरंशुभ्र. काढून टाकलं की विसरेल असं वाटलं, म्हणून काढलं. एक दिवस गेला, दुसरं आलं. तेही काढलं. मध्ये थोडे दिवस बरे गेले, मग परत तेच. आजपर्यंत मोजून अकरा. टोपली उचलली तर मशीनच्या ड्रॉवरमध्ये घुसते, ड्रॉवर लावला तर सोफ्याखाली. जी कधी कोणाला चोच लावायची नाही, ती आता हात नेला की फिस्स करून अंगावर येते. खुडूक कोंबडीसारखी.

कालचं अंडं उचललं तर कवच लिबलिबीत. अंगठा लागला तिथे खळी पडली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

खायला राळं आणि सूर्यफुलाच्या बिया. आवडतात म्हणून सूर्यफूल जरा जास्तच. शेजारच्या काकू आणि पक्षी विकणारा दुकानदार, दोघंही म्हणतात नर आणा, शांत होईल. आणू का? आणि डॉक्टरकडे जायची किती घाई आहे?

औंधची आर्या (2 जुलै)
ताई, घाई आहे. मऊ कवच म्हणजे अंगातलं कॅल्शियम संपत आलंय. आजच फोन करा, आणि आधी विचारा की पक्षी बघता का. पुष्कळ दवाखान्यांत फक्त कुत्री-मांजरं बघतात, तिथे जाऊन परत फिरण्यात दिवस जातो.

तोवर नजर ठेवा. अंग फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासागणिक शेपूट वरखाली होणं, कुंथणं, पाय लुळे पडणं, यातलं काहीही दिसलं तर अंडं अडकलेलं असू शकतं. मग सकाळची वाट बघायची नाही. पिंजरा उबदार ठेवून तसंच निघायचं. पोट दाबू नका, तेल सोडू नका.

सहकारनगरचा पक्षीवेडा (2 जुलै)
मी 2015 पासून कॉकॅटिएल पाळतो. 2018 साली माझी पिवळी मादी याच दुखण्यात गेली. रात्री दहाला तळाशी बसलेली दिसली, म्हटलं सकाळी नेऊ. सकाळी ती नव्हती. म्हणून जरा लांब लिहितोय.

नर आणू नका. अंडं घालायला तिला नर लागत नाही, तो आला तर वीण आणखी जोर धरेल आणि आधीच झिजलेल्या जिवावर पिल्लांचा भार पडेल.

अंडी उचलणं आज थांबवा. उचललं की तिच्या लेखी घरट्यात एक कमी झालं, आणि ती भरून काढते. एका विणीत साधारण चार ते सहा अंडी असतात. तेवढी पुरी झालेली दिसली की ती थांबून उबवायला बसते. पुढचं अंडं येईल ते पिंजऱ्याच्या तळाशी राहू द्या, जोडीला दोन-तीन लाकडी किंवा प्लॅस्टिकची नकली अंडी ठेवा. पिल्लू निघायला 18 ते 21 दिवस लागतात, तेवढं बसून काही निघालं नाही की आपणहून उठते. एखादं तडकलं तर तेवढंच काढा. पेटी, हंडी, कापड मात्र काही देऊ नका.

आता मुळात हे सुरू का झालं? हा पक्षी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला. तिथे पाऊस होऊन गवतात दाणा भरला की हे झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. तुमच्या घरात काय आहे बघा. स्निग्ध बी वाटीभर, ढोलीसारखी अंधारी टोपली, वर मऊ कात्रणं. तिला ऋतू आलाय असंच वाटणार. एक विचारतो, लग्नसराईत रात्री किती वाजेपर्यंत शिवता? आणि पाठीवरून हात फिरवता का?

धायरीची शुभदा (2 जुलै)
मे महिन्यात रोज अकरा-साडेअकरा व्हायचे. डोक्यावर ट्यूब, आणि बिट्टी शेजारीच जागी. पाठीवरून हात तर रोज, तिला फार आवडतं. शेपटी वर करून कुईकुई करते.

सहकारनगरचा पक्षीवेडा (3 जुलै)
ते कुईकुई म्हणजे तुम्हाला जोडीदार मानलंय. आजपासून फक्त डोकं आणि गाल. संध्याकाळी सातला पिंजरा आतल्या खोलीत, वर गडद चादर, सकाळी सातनंतरच बाहेर. आत मशीनचा आवाज पोचता कामा नये.

सूर्यफूल कमी करा, पण बिया एकदम बंद नका करू, उपाशी राहतील ही पोरं. शेवग्याचा पाला, मेथी द्या. पालकावर विसंबू नका, त्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. पिंजऱ्याला समुद्रफेस बांधा, पक्ष्यांच्या दुकानात कटलबोन म्हणून मिळतो. ऊन पडेल तेव्हा गॅलरीत, समोर बसून, कावळ्या-मांजरांवर लक्ष ठेवून. निम्म्या पिंजऱ्यावर सावली हवी. बंद काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काचेत अडतात. त्याचे थेंब मनाने देऊ नका, शंभर ग्रॅमच्या आतबाहेरचा जीव आहे, जास्त झालं तर बाधतं.

धायरीची शुभदा (26 जुलै)
तीन तारखेलाच दाखवलं. एक्स-रेमध्ये अंडं अडकलेलं नव्हतं. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, वजनावर थेंब लिहून दिले. एवढं करूनही थांबलं नाही तर हार्मोनचं इंजेक्शन देता येतं म्हणाले.

त्यानंतर दोन अंडी आली. दुसऱ्याचं कवच टणक होतं, नखाने टिचकी मारली तर टक्क वाजलं. मी तिथेच रडले. दोन नकली ठेवली, चारांवर बसली. पंख पसरून चारही पोटाखाली घ्यायची, एखादं घरंगळलं की चोचीने ओढून आत. परवा सकाळी उठून सरळ दांडीवर बसली, अंड्यांकडे वळून बघितलं नाही. आज मी ती काढली.

कात्रणांना झाकणाचा डबा आणलाय. ऑर्डरी सातनंतर घेतल्या तरी मशीन एकटीच चालवते. पहिल्या रात्री आतून हाका मारत राहिली, तेव्हा मशीन थांबवून अंधारात बसले होते. आता मारत नाही.

एकच विचारायचंय. ती अजून पाठ माझ्या हाताखाली आणून देते. नाही म्हटलं की तोंड फिरवते. काय करू?

सहकारनगरचा पक्षीवेडा (26 जुलै)
उठून खोलीतल्या खोलीत दोन पावलं चाला, तिला खांद्यावर घेऊन. अंग हललं की पाठ द्यायचं विसरते. मग गालाजवळ, त्या केशरी टिपक्यापाशी, हळू खाजवा.