मामाचे बाइंडिंग केलेले इंद्रजालचे अंक, उसवायचे की राहू द्यायचे?

महालचा_भाचा:
मंडळी, एक सल्ला पाहिजे. मामाचं नागपूरच्या महाल भागातलं घर रिकामं करून राह्यलो, माळ्यावरच्या ट्रंकेत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे बाइंडिंग केलेले जाडजूड गठ्ठे निघाले. वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम), मँड्रेक, थोडे बहादूर पण आहेत आणि आतली कव्हरं सगळी शाबूत, रंग असे की काल छापल्यासारखे. पण बाइंडरनं तीन बाजूंनी कटिंग मारलंय, काही कव्हरांवरचं नाव अर्धं उडालंय, आणि शिलाई बाजूनं आरपार असल्यामुळे पान पूर्ण उघडतच नाही, वेताळाच्या घोड्याचं तोंड शिवणीत गेलंय. जुन्या पिना आतच राहिल्यात, गंजून कागदावर तांबडे डाग पडलेत. मला खरं म्हणजे कव्हरंच पाहायची असतात, गोष्टी पाठच आहेत. सगळं उसवून एकेक अंक वेगळा करू का? एक मित्र म्हणतो लॅमिनेट करून भिंतीवर लाव.

कागदकिडा:
लॅमिनेशनचं नावही काढू नका भाऊ. एकदा ते प्लास्टिक गरम होऊन कागदात घुसलं की परत निघत नाही. सेलोटेपचं पण तेच, काही वर्षांनी टेप सुटून पडते अन् पिवळा चिकट पट्टा तेवढा राहतो.

उसवण्याबद्दल माझं मत सरळ आहे, सरसकट नको. कटिंगमधे गेलेला मार्जिन काही परत येणार नाही आणि कलेक्टर लोकं कापलेल्या अंकाला भाव पण कमीच देतात, म्हणजे विकायच्या हिशोबानं फायदा नाही. दुसरं म्हणजे रंग टिकलेत ते बाइंडिंगमुळेच. उन्हात छपाईचा पिवळा आणि गुलाबी आधी उडतो, निळा मागे राहतो, म्हणून दुकानात लटकलेली जुनी कव्हरं निळीभोर दिसतात. तुमची मिटलेल्या गठ्ठ्यात अंधारात होती. भिंतीवर लावाल तर तुमचीही तीच गत होईल.

ज्या गठ्ठ्यात पिना जास्त गंजल्यात तेवढाच उघडा. आधी पुठ्ठा वेगळा करायचा, मग शिलाईचा दोरा प्रत्येक टाक्यापाशी कापून एकेक तुकडा काढायचा, ओढायचा नाही, न्यूजप्रिंट जुनं झालं की पापडासारखं तुटतं. पिनेचे पाय आतल्या बाजूनं प्लास्टिकच्या पातळ पट्टीनं उचलून सरळ करा अन् मग बाहेर काढा, नवीन पिन न मारता त्याच भोकांतून सुती दोरा घाला. फाटलेल्या ठिकाणी मागून जपानी टिश्यू (दुरुस्तीचा पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, ती पुढे कधी पाण्यानं सोडवता येते. खळीत मोरचूद टाकायचा नाही, जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून टाकायचे पण त्यानं कागद आणखी खराब होतो.

धरमपेठची_ताई:
कागदकिडा दादांशी सहमत, फक्त एक गोष्ट. वेताळ अन् मँड्रेक दोन्ही ली फॉकचे, मुळात अमेरिकेतल्या पेपरात रोज येणाऱ्या पट्ट्या, त्यांना कव्हर असण्याचा प्रश्नच नव्हता. १९६४ मधे इंद्रजाल निघालं तेव्हा अख्ख्या गोष्टीतून एकच क्षण निवडून तो मोठा रंगवायचं काम इथल्या चित्रकारांवर आलं, आणि त्यात बी. गोविंद म्हणजे आपला फेव्हरेट. तेच गोविंद ब्राह्मणिया ज्यांनी १९७६ मधे आबिद सुरतींच्या बहादूरची चित्रं काढली. आतल्या चौकटीत वेताळ अंगठ्याएवढा, कव्हरवर तोच पानभर, मागे जंगल नुसतं दोन-तीन रंगांत उडवलेलं, कधीकधी कव्हर पाहून जेवढी धडधड व्हायची तेवढी आतल्या गोष्टीत नसायचीच 😄 त्यामुळे घोड्याचं तोंड शिवणीत गेलंय हे वाचून जीव हळहळला. असं कव्हर असेल तर तो गठ्ठा पहिले उसवा, पिना गंजलेल्या असोत नसोत.

कागदकिडा:
ताई, घोड्यासाठी अख्खा गठ्ठा? त्यापेक्षा शक्य तेवढं उघडून फोटो घ्या. स्कॅनरवर दाबू नका, गठ्ठ्याची पाठ मोडेल. खिडकीजवळ सावलीत ठेवून मोबाईल बरोबर वरून धरायचा.

धरमपेठची_ताई:
फोटोत शिवणीतला घोडा कुठून येणार बाप्पा?

सक्करदरा_एक्सप्रेस:
तुमचं भांडण चालू द्या, मी कामाचं सांगतो. हे सगळं ठेवणार कुठं? नागपुरात मे महिन्यात आपण हवा कोरडी म्हणून निश्चिंत असतो अन् त्याच खोलीत दिवसभर कूलर फेकत असतो, म्हणजे दिवसा दमट, कूलर बंद केला की कोरडं ठक्क. कागद फुगतो अन् आखडतो, कव्हरं वाकडी होतात. त्यामुळे कूलरची खोली नाही, माळा तर अजिबात नाही, वर पत्रा असेल तर भट्टीच. आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर लाकडी नको, स्टीलच्या कपाटात आडवे ठेवा. कसर दिसली तर गठ्ठा हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजरमधे दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, दव धरतं.

महालचा_भाचा:
फ्रीजरचं ऐकून आई काय म्हणेल ते सांगायला नको, आमच्या फ्रीजरात वर्षभराचे मटार असतात 😅 लॅमिनेशन कॅन्सल. गंजलेल्या पिनांचा एक गठ्ठा उघडतो, बाकीचे तसेच. घोडेवाला पण उघडतो, ताईंचं पटलं. जपानी टिश्यू नागपुरात कुठं मिळतो का की ऑनलाइनच मागवू?

कागदकिडा:
ऑनलाइनच मागवा, पातळातला पातळ घ्या. आणि पहिला हात कव्हरवर नको, आधी जाहिरातीच्या पानावर खळ लावून बघा.