मदत हवी आहे: मारुती ८०० चं वर्कशॉप मॅन्युअल कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. बाबांची २००४ ची एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी) मारुती ८०० घरीच सांभाळतोय. ऑइल, फिल्टर, प्लग जमतं. आता टायमिंग बेल्टला हात घालायचाय. गाडीसोबतच्या पुस्तिकेत टायरची हवा नि फ्यूज यापलीकडे फारसं काही नाही. मला मेकॅनिकचं मॅन्युअल हवंय: कुठला बोल्ट किती न्यूटन-मीटरला आवळायचा, बेल्टच्या खुणा कशा जुळवायच्या, वायरिंग डायग्राम. नेटवर सापडलेल्या पीडीएफ कार्बोरेटरवाल्या जुन्या मॉडेलच्या निघाल्या, आणि त्यांतले आकडेही एकमेकांशी जुळेनात. व्हिडिओवाले तर ‘हाताला लागेल तेवढं आवळा’ म्हणून मोकळे! पुण्यात अप्पा बळवंत चौकात छापील प्रत मिळेल का? कुणाकडे असली तर झेरॉक्सचा खर्च देईन. आणि हो, फाइल कंपनीचीच आहे हे तुम्ही कशावरून ओळखता?